सुईच्या आधी, सुईच्या नंतर

चिठ्ठीवर शब्द तीन असतात : 'यूएसजी गायडेड बायोप्सी'. रुग्णाच्या कानात शिरतो तो शेवटचा. पहिले दोन वाटेतच गळून पडतात आणि माझ्या खोलीच्या दाराशी माणूस पोचतो तो एकच शब्द घेऊन. चेहरा उतरलेला, सोबत आलेली सून किंवा मुलगा त्याच्याहून घाबरलेला. सोनोग्राफीच्या खोलीत काम करून मला आता बावीस वर्षं झाली. ही पुस्तिका ज्यांच्यासाठी लिहिली आहे त्यांना मी रोज भेटते. त्यांचे प्रश्न मला पाठ आहेत, आणि जे प्रश्न त्यांनी विचारायला हवे होते पण विचारले नाहीत, तेही.

म्हणून या प्रस्तावनेत मला एकच गोष्ट नीट सांगायची आहे. सगळी भीती सुईची असते. सुईचं काम मात्र पंधरा-वीस मिनिटांत आटोपतं आणि बहुतेकदा सुरळीत होतं. ज्या जागी खरी काळजी घ्यायची असते त्या जागा सुईच्या अलीकडे आणि पलीकडे आहेत. कशासाठी तपासायचं आहे, नमुना कुठल्या बाटलीत गेला, अहवाल कशाशी ताडून पाहिला, या त्या जागा. तिथे रुग्णाला माहिती असेल तर फार फरक पडतो.

आधी त्या शब्दाची भीती बाजूला करू. 'बायोप्सी' हा शब्द अर्नेस्ट बेनिए या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञाने १८७९ साली रूढ केला. ग्रीकमधल्या 'जीवन' आणि 'पाहणं' या अर्थाच्या दोन शब्दांपासून तो बनला. जिवंत माणसाच्या शरीरातला अंश काढून पाहणं, एवढाच त्याचा अर्थ. त्यात कॅन्सर कुठेही नाही. अंगावर सूज आलेल्या, लघवीतून प्रथिनं जाणाऱ्या माणसाच्या मूत्रपिंडाची बायोप्सी करतात, ती नेमका कुठला विकार आहे आणि कुठलं औषध लागू पडेल हे ठरवायला. तिथे बहुतेक वेळा कॅन्सरचा विचारही नसतो. यकृताची करतात, कारण रक्ताच्या तपासण्या महिनोन् महिने बिघडलेल्या असतात आणि कारण सापडत नसतं. मानेतल्या गाठींची करतात, कारण त्या क्षयाच्या आहेत का, हे बघायचं असतं. आपल्या आजीपणजी ज्याला गंडमाळ म्हणत, ती पुष्कळदा हीच.

आमच्या भागात बायोप्सीला 'तुकडा काढणं' म्हणतात. हा शब्दही घाबरवतो, कारण तुकडा म्हटलं की डोळ्यांपुढे लिंबाएवढा मांसाचा गोळा येतो. प्रत्यक्षात सुईतून निघतो तो शेवयाच्या बारक्या तुकड्यासारखा असतो. लांबी दीड-दोन सेंटिमीटर, जाडी मिलिमीटरभर. मी तो नातेवाइकांना बाटलीत दाखवते. बघितल्यावर त्यांचे खांदे खाली येतात.

आता त्या गळून पडलेल्या पहिल्या दोन शब्दांकडे वळते. 'यूएसजी गायडेड' म्हणजे सोनोग्राफीच्या नजरेखाली.

महाराष्ट्रात सोनोग्राफी म्हटलं की पहिली आठवण गरोदरपणाची होते. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा देशात सर्वांत आधी, १९८८ साली, आपल्या राज्याने केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. तेव्हापासून प्रत्येक केंद्राच्या दाराशी 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' ही पाटी आहे. त्या पाटीखालच्या बाकावर, पोटुशी मुलींच्या शेजारी, साठीची एखादी बाई पदर ओढून संकोचाने बसलेली असते. तिला वाटतं, आपण इथे चुकून आलो. एकदा अशाच एका आजींनी मला विचारलं होतं, ''बाई, माझ्या मानेला हे यंत्र कशाला? ते तर बाळाचं ना?''

यंत्र बाळाचं नाही, आवाजाचं आहे. आपल्या कानाला ऐकू येतो त्याहून कितीतरी वरच्या पट्टीतला आवाज ते शरीरात सोडतं. मांसल भागात तो सेकंदाला सुमारे १,५४० मीटर वेगाने जातो, वाटेत जिथे पोत बदलतो तिथे थोडा आपटून परत येतो, आणि त्या प्रतिध्वनीवरून पडद्यावर चित्र उमटतं. क्ष-किरण नाहीत, म्हणून किरणोत्सर्गाचा प्रश्न नाही. आणि चित्र हलतं असतं. हेच सुईच्या कामाला सोन्यासारखं. सुई आत शिरते तसतशी ती पडद्यावर पांढऱ्या रेघेसारखी दिसते. शेजारची रक्तवाहिनी कुठे आहे, श्वासाबरोबर यकृत किती खाली सरकलं, सुईचं टोक गाठीत आहे की तिच्या काठाशी, हे सगळं त्या क्षणी दिसतं.

हे नेहमी असं नव्हतं. इटलीतल्या मेंगिनी यांनी १९५८ साली यकृताचा नमुना एका सेकंदात घेण्याची युक्ती जगापुढे ठेवली, पण सुई जात होती ती बोटांनी फासळ्या चाचपून, अंदाजाने. त्याच वर्षी ग्लासगोचे प्रसूतितज्ज्ञ इयन डोनाल्ड आणि त्यांचे सहकारी यांनी पोटातल्या गाठी आवाजाने पाहता येतात हे 'लॅन्सेट'मध्ये मांडलं. दोन्ही वाटा एकत्र यायला आणखी दहा-पंधरा वर्षं गेली. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला कोपनहेगन आणि अमेरिकेतल्या डॉक्टरांनी आवाजाच्या चित्रावर नजर ठेवून सुई नेण्याची पद्धत बसवली. १९८२ मध्ये स्वीडनच्या लिंडग्रेन यांनी स्प्रिंगवर चालणारं सुईचं यंत्र आणलं. आज माझ्या हातात असतं ते त्याच घराण्यातलं.

पण आवाजाला हवा आणि हाड चालत नाही. हवेला आपटून तो सगळाच परत येतो. म्हणून फुप्फुसाच्या आतल्या गाठीसाठी डॉक्टर सीटी स्कॅनखाली सुई लावायला सांगतात. छातीच्या भिंतीला टेकलेली गाठ असेल तरच सोनोग्राफी उपयोगी. आतड्यांतल्या वायूमागे लपलेल्या गाठीचंही तेच. ''शेजारणीचं सोनोग्राफीवर झालं, आमचं सीटीवर का? जास्त पैसे काढायला का?'' असं लोक मनात धरून बसतात. धरून बसू नये, विचारावं. उत्तर बहुतेक वेळा हवेत किंवा हाडात असतं.

आता सगळ्यात मोठी भीती. ''बाई, गाठीला लोखंड लागलं की ती चवताळते म्हणतात.'' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की बोलणाऱ्याच्या ओठांवरून ते निघायच्या आत मला कळतं. या भीतीची मी कधी टर उडवत नाही, कारण तिच्यामागे पाहिलेलं दुःख असतं. कुणाच्या तरी चुलतीची गाठ तपासली, कॅन्सर निघाला आणि सहा महिन्यांत ती गेली. घरच्यांनी दोन घटना जोडल्या : सुई आणि मरण. मधली गोष्ट निसटली. ती बाई गाठ अंगावर काढून दीड वर्ष घरात बसली होती आणि सुई लागली तेव्हा रोग आधीच पसरलेला होता.

तरीही रुग्णाशी खरंच बोलायचं तर पूर्ण बोलावं. सुईच्या वाटेवर काही पेशी सांडू शकतात. स्तन, थायरॉइड, मानेच्या गाठी, अशा नेहमीच्या जागी त्याने पुढे रोग वाढल्याचं क्वचितच दिसतं, आणि निदानाविना राहण्याचा धोका त्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. यकृतात मूळ धरलेल्या कॅन्सरमध्ये हे प्रमाण थोडं जास्त, काही अभ्यासांत शंभरात दोन-तीन इतकं आढळलं. म्हणूनच सिरॉसिस असलेल्या रुग्णात सीटी किंवा एमआरआयवर त्या गाठीची ठरावीक लक्षणं स्पष्ट दिसली, तर पुष्कळदा सुई न लावताच निदान मान्य करतात. वृषणाच्या गाठीला वृषणकोशातून सुई लावत नाहीत. अंडाशयाची गाठ आतल्या आत सीमित वाटत असेल तर ती फोडायची नसते, अखंड काढायची असते. हातापायाच्या मांसातली मोठी, खोल गाठ सार्कोमाची असण्याची शंका असेल, तर सुईची वाट पुढे शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जननेच ठरवायची असते, कारण ऑपरेशनमध्ये ती वाटही गाठीबरोबर काढता यायला हवी. म्हणजे 'कधीच पसरत नाही' हे उत्तरही खोटं आणि 'चवताळते' हेही. 'माझ्या गाठीच्या जागी सुईचा धोका किती, आणि ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना ही वाट चालेल का?' एवढं विचारलं की डॉक्टरला नेमकं बोलावंच लागतं.

तपासणीचा दिवस कसा जातो ते पुस्तिकेत पुढे क्रमाने दिलं आहेच. मी फक्त एक प्रसंग सांगते. पंचावन्नच्या आसपासच्या, शेतात राबलेल्या एक मावशी, डाव्या स्तनात गाठ. स्तनाच्या सोनोग्राफीच्या अहवालात बाय-रॅड्स नावाची एक श्रेणी असते. त्यांची होती चौथी. या श्रेणीचा पल्ला फार मोठा आहे. कॅन्सर असण्याची शक्यता शंभरात दोनपासून पंच्याण्णवपर्यंत कुठेही. म्हणून चौथी श्रेणी म्हणजे निकाल नव्हे. बघून सांगता येत नाही, तपासावं लागेल, असं ते डॉक्टरचं प्रामाणिक उत्तर आहे.

मावशी पलंगावर आडव्या झाल्या. मी यंत्र हातात घेऊन आधी हवेतच चाप ओढला. टक्! कपड्याला लावायचा चिमटा निसटावा तसा. ''हा आवाज आत येईल, मावशी. आवाजाला दचकायचं नाही.'' हे आधी ऐकवलं नाही तर माणूस ऐन वेळी हलतो, आणि तेवढ्याने सुई जागा चुकते. मग कातडी औषधाने पुसली, यंत्राच्या तोंडाला निर्जंतुक आवरण चढवलं आणि लिग्नोकेनची बारीक सुई दिली. सगळ्यात जास्त दुखतं ते हेच. आठ-दहा सेकंद आग होते, मग जागा बधिर. पुढे जाणवतो तो दाब. ब्लेडच्या टोकाने कातडीला तीळभर छेद दिला आणि चौदा गेजची सुई आत नेली. सुईच्या मापात आकडा लहान तितकी सुई जाड. चौदा गेज म्हणजे दोन मिलिमीटरच्या जरा वर, आणि थायरॉइडला लावतात ती पंचवीस गेज म्हणजे जेमतेम अर्धा. पडद्यावर सुईचं टोक गाठीच्या तोंडाशी आल्यावर मी म्हटलं, ''आता आवाज.'' टक्. तुकडा बाटलीत सोडला. तो तरंगला नाही, हळूहळू तळाशी गेला. चरबी तरंगते, भरीव गाठीचा तुकडा बुडतो. बाटलीकडे बघून मला कळतं की सुई योग्य जागी होती. असे चार तुकडे घेतले. मग दहा मिनिटं बोटांनी घट्ट दाबून धरलं, वर पट्टी. मावशी उठून बसल्या आणि पदर सावरत म्हणाल्या, ''एवढंच होय? तीन रात्री झोपले नाही मी याच्यापायी.''

त्या तीन रात्री त्यांना कुणीतरी वाचवू शकलं असतं.

इथे एक फरक सांगायला हवा, कारण त्यावरून घराघरांत गोंधळ असतो. बारीक सुईने नुसत्या पेशी ओढून काढतात ती एफएनएसी. लोक तिला 'गाठीतलं पाणी काढून तपासलं' म्हणतात. जाड सुईने शेवयासारखा तुकडा काढतात ती कोअर बायोप्सी. पहिलीत सुट्या पेशी मिळतात, दुसरीत पेशींची रचना. विटा पाहणं आणि भिंत पाहणं यात जो फरक, तोच. थायरॉइडच्या गाठीला पहिली बहुधा पुरते. तिथे सुई आत असताना आवंढा गिळायचा नसतो, एवढं पथ्य. स्तनाच्या गाठीला मात्र आता कोअर बायोप्सीच हवी. रोग दुग्धनलिकेच्या आत थांबला आहे की भिंत फोडून बाहेर पडला आहे, हे सुट्या पेशींवरून कळत नाही. आणि त्या गाठीला संप्रेरकांची औषधं लागू पडतील का, हर-टू नावाच्या प्रथिनावरचं औषध लागेल का, याच्या चाचण्यांना पुरेसा तुकडा लागतो. आधी स्वस्तात पाणी काढायचं, मग पुन्हा तुकडा काढायचा, यात पैसे आणि आठवडे दोन्ही जातात. सुई लावण्याआधी विचारावं : ''यातून सगळी उत्तरं मिळतील, की पुन्हा यावं लागेल?''

आता बाटलीकडे येते. या भागासाठीच मी ही प्रस्तावना लिहायला बसले असं म्हटलं तरी चालेल.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. अकरावीतली मुलगी, मानेच्या उजव्या बाजूला तीन-चार गाठी, संध्याकाळी अंगात कणकण, वजन उतरलेलं. मी सोनोग्राफीवर चार तुकडे घेतले आणि चारही फॉर्मालिनच्या बाटलीत टाकले. अहवाल आला, क्षयाशी सुसंगत. औषधं सुरू झाली. दोन महिन्यांनी एक गाठ वाढलेली, दुसरी मऊ पडून फुटायच्या बेतात. औषध चालू असताना क्षयाची गाठ काही काळ वाढलेली दिसणं घडतं. पण जंतू औषधाला दाद देत नसतील तर? ते तपासायला जिवंत जंतू लागतात किंवा ताजा नमुना. आमच्याकडे होते फॉर्मालिनमधले तुकडे. फॉर्मालिन पेशींची रचना टिकवून ठेवतं आणि जंतूंना मारून टाकतं. मेलेले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहता येत नाहीत, म्हणजे त्यांचं कल्चर होत नाही. त्या मुलीला पुन्हा सुई लावावी लागली. या वेळी दोन बाटल्या ठेवल्या, एक फॉर्मालिनची आणि एक साध्या सलाइनची. सलाइनमधला नमुना सीबीनॅट यंत्रावर गेला आणि दोन तासांत कळलं की जंतू रिफॅम्पिसिन या क्षयाच्या मुख्य औषधाला दाद देत नाहीत. दोन महिने ती पोर भलतीच औषधं घेत होती. चूक माझी होती. मी सुई अचूक मारली आणि बाटलीचा विचार केला नाही.

जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. आपल्याकडे मानेची, काखेची गाठ तपासताना क्षयाचा विचार करावाच लागतो. तेव्हा गाठ क्षयाची असू शकते असं डॉक्टरांच्या बोलण्यात आलं असेल, तर सुई लागण्याआधी एवढं जरूर विचारा : ''एक नमुना सलाइनमध्ये ठेवणार ना?'' तुम्ही शहाणपणा शिकवताय असं कुणाला वाटणार नाही. वाटलं तरी विचारा. कल्चरचा निकाल यायला सहा आठवडेही लागू शकतात, पण नमुना चुकीच्या बाटलीत गेला तर तो कधीच येत नाही.

फॉर्मालिनमधल्या बाटलीचीही काळजी असते. स्तनाचा तुकडा काढल्यापासून तासाभराच्या आत फॉर्मालिनमध्ये गेला पाहिजे, आणि त्यात सहा तासांपेक्षा कमी किंवा बहात्तर तासांपेक्षा जास्त राहू नये, नाहीतर संप्रेरकांच्या चाचण्या भरवशाच्या राहत नाहीत. आणि आपल्या तालुक्याच्या गावांत ही बाटली बहुतेकदा रुग्णाचा मुलगाच जिल्ह्याच्या लॅबमध्ये घेऊन जातो. पिशवीत घालून, एसटीने. शुक्रवारी दुपारी बाटली हाती पडते, शनिवारी लॅब अर्धा दिवस, रविवारी बंद. ''सोमवारी देतो'' म्हणून ती फ्रिजवर ठेवली जाते. ठेवू नका. त्याच दिवशी पोचवा. निघण्यापूर्वी बाटलीवरचं नाव मोठ्याने वाचा, वय वाचा, डावं की उजवं ते वाचा, झाकण घट्ट आहे का पाहा, सोबतच्या कागदावर गाठ किती दिवसांची आणि सोनोग्राफीत काय दिसलं ते लिहिलं आहे का पाहा. सूक्ष्मदर्शकाखाली बघणाऱ्या डॉक्टरने रुग्णाला पाहिलेलं नसतं. त्याला दिसतो तो शेवयाएवढा तुकडा आणि तो कागद. कागद कोरा असेल तर तो अर्ध्या अंधारात काम करतो.

सूक्ष्मदर्शकाच्या खोलीतल्या या डॉक्टरांना रुग्ण कधी भेटत नाहीत, याचं मला नेहमी वाईट वाटतं. टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली परळला उघडलं, तेव्हा तिथल्या प्रयोगशाळांची घडी बसवली डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी. त्यांना भारतातल्या विकृतिशास्त्राचे जनक मानतात. मराठी माणसाला सर्जनची नावं आठवतात, पण सर्जनचा हात कुठे जाणार हे ज्या खोलीत ठरतं तिथली नावं आठवत नाहीत. तुमचा अहवाल आठवडाभर लागतो म्हणजे कुणी विसरलेलं नसतं. तुकड्यातलं पाणी काढून त्यात मेण भरावं लागतं, त्या मेणाच्या वडीचे केसाहून पातळ काप घ्यावे लागतात, रंगवावे लागतात. वेगळे रंग लावायची गरज पडली तर आणखी तीन-चार दिवस.

अहवाल हातात आला की सगळे तळाची ओळ वाचतात. तिथे 'कॅन्सरच्या पेशी आढळल्या नाहीत' असं असलं की पेढे वाटायला मोकळे. इथेच थांबायचं. तीन गोष्टींचा मेळ बसला पाहिजे : डॉक्टरांच्या हाताला काय लागलं, सोनोग्राफीत काय दिसलं आणि तुकड्यात काय निघालं. सोनोग्राफीत गाठ खडबडीत, काटेरी, बाय-रॅड्सच्या पाचव्या श्रेणीची दिसत असेल आणि तुकड्यात नुसती चरबी निघाली, तर तो आनंदाचा अहवाल नसतो. सुई गाठीच्या शेजारून गेली, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. तेव्हा पुन्हा तपासावंच लागतं. माझ्याकडे असे लोक परत येतात तेव्हा ते रागावलेले असतात : ''एकदा नॉर्मल आलं ना?'' मेळ बसला नाही, हे त्यांना पहिल्याच वेळी कुणी समजावलेलं नसतं. अहवाल घेऊन सुई लावणाऱ्या आणि पाठवणाऱ्या, दोन्ही डॉक्टरांकडे जा आणि विचारा : ''हे तुम्ही पाहिलं त्याच्याशी जुळतं का?''

तयारीबद्दल थोडक्यात. हृदयात स्टेंट बसवलेल्यांना, झडप बदललेल्यांना, पक्षाघात होऊन गेलेल्यांना रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या असतात. काही जण सुईच्या भीतीने त्या आपल्या मनाने बंद करतात. हे सुईपेक्षा कितीतरी धोक्याचं आहे. स्तन किंवा थायरॉइडसारख्या वरवरच्या जागी बऱ्याचदा ॲस्पिरिन थांबवावं लागत नाही. यकृत, मूत्रपिंड अशा खोल जागी गोळी थांबवायची का आणि किती दिवस, हे गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारून ठरवायचं. खोल जागी सुई लावण्याआधी रक्त गोठण्याची तपासणी होते, आणि प्लेटलेट साधारण पन्नास हजारांच्या वर हव्यात. काढे, चूर्णं, ताकदीच्या गोळ्या जे काही चालू असेल ते सांगावं. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

यकृताच्या तपासणीनंतर काही तास उजव्या कुशीवर झोपवतात, मूत्रपिंडानंतर त्याहून जास्त वेळ पडून राहायचं असतं. मूत्रपिंडाच्या बायोप्सीनंतर शंभरातल्या तीन-चार जणांना लघवी लाल होते. बहुतेकांची आपोआप थांबते, पण ती पाहायला आणि सांगायला हवी. घरी गेल्यावर भोवळ, वाढती पोटदुखी, धाप, थंडी वाजून ताप, न थांबणारा रक्तस्राव यांपैकी काही झालं तर सकाळची वाट पाहू नका. स्तनाच्या जागी काळंनिळं पडणं आणि दोन दिवस ठणकणं मात्र स्वाभाविक आहे.

संमतीच्या कागदावर घाईत सही करू नका. तो तुमच्या भाषेत समजावून मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट केलं आहे की तपासणीला दिलेली संमती ही उपचाराच्या शस्त्रक्रियेला दिलेली संमती ठरत नाही. बायोप्सीच्या सहीत ऑपरेशनची सही गृहीत धरता येत नाही.

राहता राहिली मेणाची वडी. तिला लॅबमध्ये 'ब्लॉक' म्हणतात, आणि तिच्यावरून केलेल्या काचांना स्लाइड. अहवालाचा कागद हे मत आहे, पुरावा त्या वडीत असतो. दुसऱ्या डॉक्टरांचं मत हवं असेल तर लॅबकडे ब्लॉक आणि स्लाइड मागता येतात. विदर्भ-मराठवाड्यातून मुंबईला जाणाऱ्या कितीतरी रुग्णांना पहिल्याच दिवशी त्या आणायला परत पाठवतात, म्हणून निघतानाच सोबत घ्याव्यात. उन्हात उभ्या असलेल्या गाडीत ठेवू नयेत, मेण वितळतं.

मागच्या उन्हाळ्यात एक बाई आल्या. सहा वर्षांपूर्वी स्तनाच्या कॅन्सरवर त्यांचे उपचार झाले होते. आता काखेत गाठ. जुनाच रोग परतला की नवं काही, हे ठरवायला जुना नमुना हवा होता, आणि ती लॅब एव्हाना बंद पडलेली. मी काळजीत पडले. त्यांनी पिशवीतून कुंकवाची जुनी पितळी डबी काढली. आत कापसात गुंडाळलेला ब्लॉक होता, त्यावर निळ्या शाईतला नंबर अजून वाचता येत होता.

''तुम्हीच म्हणाला होता ना बाई, जपून ठेवा,'' त्या म्हणाल्या. ''मंगळसूत्राशेजारी ठेवला होता.''